वारा किती घासतो

२७ सप्टेंबर

आज जमलं! परत तेच उत्तर आलं. म्हणजे कालचा योगायोग नव्हता.

गुळगुळीत प्लेटवरून शांत वारा वाहत असला तर तो प्लेटला किती घासतो, हे पुस्तकात कधीपासून लिहिलेलं आहे. माझ्या तेलाच्या थेंबाने जवळजवळ तेवढंच सांगितलं. सरांनी दोनदा आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. 'सारुं छे, रेवतीबेन.' छान आहे. बस एवढंच. पण त्यांच्या तोंडून 'सारुं' म्हणजे पुष्कळ.

निराली (माझी नि., पीएच.डी. करते, लॅबमधल्या वाऱ्याच्या बोगद्याचा पंखा तीच चालवते) गरब्याने इतकी दमली होती की खुर्चीतच झोपली. उठवून आकडा दाखवला. म्हणे, 'वाह. हवे सूवा दे.' आता झोपू दे.

घरी जेवताना बाबांनी विचारलं, नेमकं काय करतेस ते आज समजेल असं सांग. सांगितलं: पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की रंग दिसतात ना, तसंच. तेलाच्या पातळ थरावर पिवळा दिवा टाकला की काळे-पिवळे पट्टे दिसतात. वारा तेल पुढे ढकलतो, थर पातळ होत जातो, पट्टे रुंद होत जातात. ते किती झपाट्याने रुंद होतात त्यावरून वारा किती घासतोय ते कळतं.

बाबा म्हणाले, 'म्हणजे वारा चालून गेल्याचे ठसे.'

तसं नाही. पण तसंच आहे. मला सुचलं नव्हतं.

२९ सप्टेंबर

हर्षदभाई आले होते. वाघोडियाला त्यांचा कारखाना आहे. ट्रकच्या कंटेनरला बाहेरून चिकटवायची फिल्म बनवतात. म्हणतात, तिच्यावरून वारा कमी घासतो, डिझेल वाचतं. खरं असलं तर किती छान. हायवेवर रांगेने जाणारे ते सगळे कंटेनर डोळ्यांसमोर आले. पण खरं आहे का, तेच तर मोजायचंय.

'नंबर आपो ने बेन, सारो नंबर.' चांगला आकडा द्या, हसून म्हणाले. मी पण हसले. पण मनात आलं, नंबर चांगला-वाईट नसतो हो. खरा असतो नाहीतर नसतो.

(हे मोठ्याने बोलले असते तर नि. वर्षभर चिडवत बसली असती.)

दसऱ्यानंतर त्यांच्यासमोर आधी साधी प्लेट परत मोजून दाखवायची. पुस्तकाशी जुळलं की मग त्यांची फिल्म. सर म्हणाले, खंडेनवमीला लॅबमध्ये पूजा आहे, घरच्यांना आण.

आई म्हणे, 'मी काय करू तिथे? मला काय कळतंय?' चनियाचोळीला आरसे लावत होती. नवरात्र संपत आलं तरी शिवण संपत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी घरची पूजा. पणजोबांची तलवार (संस्थानाच्या फौजेत होते, म्यान केव्हाच गेलं), बाबांच्या स्कूल व्हॅनचे पाने, आईची मोठी कात्री. आईने विचारलं, 'तुझं शस्त्र कुठेय?' माझा जाडी मोजायचा व्हर्नियर ठेवला. तलवारीशेजारी. बाबांनी व्हर्नियर थोडा सरळ केला.

मग लॅब. आई आली! हिरवी काठाची साडी, जी फक्त लग्नाला निघते. बोगदा बघून थबकलीच. 'अगं, हा तर आपल्या घरापेक्षा लांब आहे.' वरचं झाकण काढून ठेवलं होतं, आतली प्लेट दिसत होती. प्लेटमधल्या काचेला (तेल तिच्यावरच ठेवतो) हात लावायचा नाही, एवढं सगळ्यांना सांगितलं. आईने पंख्याला हळदकुंकू वाहिलं, मोटरला वाहिलं. सर म्हणाले, 'बेन, आगळ पण चांदलो करो ने.' पुढेही टिळा लावा. तिने प्लेटची पुढची पितळी कड बघितली, मला विचारलं, 'हे याचं कपाळ का गं?'

आम्ही त्या कडेला नाक म्हणतो. पण हो म्हटलं. तिने ओली हळद लावली, वर कुंकू, वर अक्षता. असं लावलं जसं माझ्या दहावीच्या निकालाला मला लावलं होतं.

येताना रिक्षात साडीच्या निऱ्या नीट करत बसली. मग म्हणाली, 'सगळे तुला बेन म्हणतात.' इथे सगळ्यांनाच म्हणतात, आई, मी म्हटलं. 'हो, पण तुला म्हणतात.'

३ ऑक्टोबर

गेलं.

सकाळी पडदे ओढून, दिवा लावून आधी साफसफाई. नि.ने आणि मी मिळून कुंकू पुसलं, अक्षता वेचल्या. काचेजवळ पाणी चालत नाही म्हणून कोरड्या फडक्याने, बराच वेळ. झाकण लावलं. सर आणि हर्षदभाई उभे. तेलाची नवी बाटली उघडली. थेंब मधोमध ठेवला. पंखा.

पट्टे भराभर पसरले. हिशोब करायची गरजच नव्हती. तरी केला. पुस्तकाच्या दुपटीहून जास्त.

परत केलं. तेच.

हर्षदभाई सभ्य माणूस आहेत. चहा घेतला, हवापाण्यावर बोलले, गेले.

सर रागावले नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाले, 'तेल बदलायुं छे, दुसरं काय? हे तेल म्हणजे नाजूक काम आहे, रेवतीबेन. आपण नळीने मोजू.'

नळीने म्हणजे प्लेटला टेकवलेली बारीक नळी, तिच्यात दाब किती येतो ते बघायचं. सोपं, जुनं, कधी चुकत नाही असं सगळे म्हणतात. पण प्लेटजवळचा वारा नेहमीसारखाच वागतोय हे ती आधीच धरून चालते. आणि हर्षदभाईंचा दावा हाच की त्यांच्या फिल्मजवळ तो वेगळा वागतो! जे सिद्ध करायचंय तेच धरून कसं चालायचं, किंवा नाकारून. आकडा येईल. कागदावर छान दिसेल. कशाचा आकडा ते कुणालाच माहीत नसेल.

हे सगळं सरांना सांगितलं. भराभर, अर्धं गुजरातीत, अर्धं इंग्रजीत, हात हलवत.

सर म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तेल सुधारून दाखव. नाहीतर नळी. आणि माझी लॅबमधली नोकरीची जागा याच तेलाच्या कामासाठी आहे, हे त्यांनी म्हटलं नाही. तेल नाही तर दिवाळीनंतर मी नाही. हे दोघांनाही माहीत होतं.

४ ऑक्टोबर

घरी अजून सांगितलं नाही. आई कारेलीबागेतल्या तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना बोगदा सांगतेय. 'एवढा पंखा!' हात पसरून दाखवते. दर वेळी थोडा जास्त.

तेल तपासलं. काचेच्या नळीतून किती वेळात खाली येतं ते मोजून. नवी बाटली, जुनी बाटली. दोन्ही बरोबर. लेबलवर जेवढं घट्ट लिहिलंय तेवढंच.

म्हणजे तेल नाही. बरं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, मग मीच असेन.

६ ऑक्टोबर, शरद पुनम (आपली कोजागरी)

तापमान. एका अंशाने तेल पातळ झालं तरी आकडा हलतो. मला वाटलं दिव्याने काच तापत असेल. थर्मामीटर काचेला चिकटवून मोजलं. नाही. ठीक.

दिवा हलत नाही. कॅमेरा हलत नाही. हिशोब नि.ने वेगळा करून बघितला, तिचाही तोच. 'यार तू खोटी नथी,' म्हणाली, तू चुकत नाहीस. 'काहीतरी खरंच घासतंय.'

हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे. मी चार दिवस चूक कुठे आहे ते शोधतेय. चूक नसेलच तर?

नि.च्या मम्मीने दूधपौंआ, दुधातले गोड पोहे, पाठवले होते. बाबांना फार आवडले. आई म्हणाली आपल्या मसाला दुधाची सर नाही, आणि दोनदा घेतले.

८ ऑक्टोबर

पंखा अगदी हळू चालवून बघितला. पुस्तकाशी जुळलं!! अगदी जुळलं. मग हळूहळू वाढवत गेलो. जुळतंय, जुळतंय, आणि एका जागी एकदम उडी. मधलं काही नाही. जसं कुणी दार उघडलं.

तेल खराब असतं तर हळू वाऱ्यातही चुकलं असतं. म्हणजे तेल खरं बोलतंय! मीही! जोरात वारा सुटला की तिथे खरंच काहीतरी होतं, शांत वारा शांत राहत नाही, उसळतो, आणि उसळलेला वारा जास्त घासतो. तो का उसळतो ते माहीत नाही. पण आज कितीतरी दिवसांनी सायकलवरून येताना गाणं म्हणत होते असं लक्षात आलं. निजामपुऱ्याच्या सिग्नलला, मोठ्याने. शेजारच्या स्कूटरवाल्या काकी बघत होत्या.

बाबांना सगळं सांगितलं. जागेचं पण. त्यांनी व्हॅनच्या गोष्टीवर नेलं: 'गाडी एका स्पीडलाच थरथरायला लागली तर इंजिनाला हात लावायचा नाही. आधी खाली वाकून बघायचं, चाकाला चिखल चिकटलाय का.' मी म्हटलं बाबा, हे चाक नाही. 'मी कुठे म्हटलं चाक आहे,' म्हणाले, आणि बातम्या लावल्या.

आईला जागेचं सांगू नका म्हटलं. त्यांनी मान हलवली. मान कशी हलवली त्यावरून ते सांगणार.

९ ऑक्टोबर

सांगितलं त्यांनी. आई सकाळी डबा देताना म्हणाली, 'नाही राहिली जागा तर नाही. तू बी.ई. आहेस ते काही कुणी परत घेत नाही.' आणि लगेच: 'पण राहील. मी चांगली पूजा केलीय.'

डबा घेतला आणि पळाले.

१० ऑक्टोबर

एकच थेंब मधोमध ठेवायची सवय. आज आडवी रांग ठेवली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग थोडी मागे दुसरी रांग. मग तिसरी.

कडेचे थेंब बरोबर. मधले चूक. पहिल्या रांगेत मधले थोडेच चूक, मागच्या रांगेत जास्त, त्याच्या मागे अजून जास्त. नि.ने कागदावर खुणा केल्या. आणि आम्ही दोघी कागदाकडे बघत राहिलो.

त्रिकोण!

टोक पुढे. पितळी नाकावर, अगदी मध्यावर.

नि.: 'त्यां कंई छे.' तिथे काहीतरी आहे.

मी वाकून बघितलं. पिवळ्या दिव्यात पितळ पिवळं, सगळंच पिवळं. काही नाही. हात लावायची हिंमत होईना. मग नि.ने पडदा सरकवला आणि खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं.

हळद.

टिकलीएवढी, वाळून टणक झालेली, आणि तिच्यात रुतलेला अक्षतेचा अर्धा तुकडा. कुंकू पिवळ्या दिव्यात काळं दिसतं म्हणून ते आम्हाला दिसलं आणि आम्ही पुसलं. हळद पितळेच्या रंगाची होऊन तिथेच बसली होती. हळू वारा तिच्यावरून गुपचूप जायचा. जोराचा वारा तिला अडखळायचा, आणि मागे त्रिकोणात उसळत जायचा. अर्ध्या तांदळाला! आणि माझ्या तेलाने ते जसंच्या तसं सांगितलं होतं, पहिल्या दिवसापासून. कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा.

मी हसायला लागले आणि मग रडायला लागले, आणि नि.ने मला पाणी दिलं आणि म्हणाली काचेजवळ रडू नको, पाणी चालत नाही.

ओल्या फडक्याने पुसलं (काच झाकून). परत रांग ठेवली. मधला थेंब, जोराचा वारा. पुस्तकाशी जुळलं.

परत. जुळलं.

११ ऑक्टोबर

सरांना पुसण्याआधी काढलेला हळदीचा फोटो दाखवला. मग कपाळावर हात मारून घेतला. 'चांदलो तो में ज कराव्यो हतो!' टिळा तर मीच लावायला सांगितला! आणि जे हसायला लागले. मी सरांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. शेजारच्या लॅबवाले बघायला आले. त्यांनाही सांगितलं, परत हसले.

मग गंभीर होऊन म्हणाले, 'रेवतीबेन, तमारुं तेल साचुं.' तुमचं तेल खरं.

लिहून ठेवते. तमारुं तेल साचुं.

नळी नाही. तेलच. फिल्म सुट्टीच्या आधी मोजायची. माझी जागा पुढे चालू ठेवायचा कागद वर पाठवला आहे, येईल तेव्हा येईल. सर म्हणाले काळजी नको. मी करणार नाही असं ठरवलंय. थोडी करते.

एक प्रश्न राहिला. अहवालात कारण काय लिहायचं. सर म्हणाले, 'पुढच्या कडेवर बाहेरील कण' असं लिही, पुरे. पण कण कुठून आला ते लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी दुसरी कुणीतरी पिवळ्या दिव्यात हीच कड बघत बसेल. लॅबमध्ये दर वर्षी पूजा होणारच, व्हायलाच हवी. मला 'पूजेची हळद व अक्षत' असंच लिहायचंय. सर म्हणाले, तुझी मरजी. पण आधी घरी विचार.

तेच तर.

१२ ऑक्टोबर

आज रविवार. आई सकाळपासून चकलीच्या भाजणीच्या मागे. कसं सांगू ते चार प्रकारे ठरवलं. तिला वाटेल तिने माझं काम बिघडवलं. परत कधी लॅबमध्ये येणार नाही. हिरवी साडी ठेवून देईल. मला काय कळतंय म्हणेल, आणि या वेळी मनापासून म्हणेल.

बाबा व्हॅन धूत होते. त्यांना आधी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, 'चाकाला चिखल.' आणि नळ बंद करून, हात पुसत, माझ्या आधी आत गेले. 'ऐकलंस का, तुझ्या हळदीने बोगदा बंद पाडला.'

बाबा!!!

आई भाजणी परतत होती. थांबली. मी घाईघाईने सगळं सांगितलं, त्रिकोण, उसळणं, पिवळा दिवा, सरांनीच सांगितलं होतं ना इथे लाव म्हणून, तुझी काही—

'थांब,' म्हणाली. 'एका अक्षतेने?'

अर्ध्या.

'एवढा पंखा, आणि अर्ध्या अक्षतेने?'

हो.

तिने गॅस बारीक केला. 'आणि तुला ते कळलं? तेलावरून?'

हो आई.

मग हसली. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. मग एकदम माझ्यावरच उलटली: 'कोरड्या फडक्याने हळद निघते होय? चार वर्षं इंजिनिअरिंग शिकलीस, ओटा एकदा पुसला असतास तर कळलं असतं.'

बाबा: 'तलवारीला पण दर वर्षी मीच घासतो.'

हायसं वाटलं. इतकं की भाजणी मीच परतली, आणि थोडी जाळली.

अहवालाचं विचारलं. 'पूजेची हळद' लिहू का? आई विचारात पडली. 'माझं नाव पण घालणार?' नाही गं, नाव कशाला. 'हं,' म्हणाली. मला वाटलं विषय सुटला. थोड्या वेळाने परत: 'घातलं तरी चालेल.'

१५ ऑक्टोबर

लिहिलं. 'पुढच्या कडेवर पूजेच्या हळदीचा वाळलेला थर व अक्षतेचा तुकडा. पिवळ्या प्रकाशात दिसत नाही. मोजणीआधी कड पांढऱ्या प्रकाशात तपासावी.' सरांनी एक अक्षर बदललं नाही. खाली सही केली.

आणि म्हणाले, मुलांना हा त्रिकोण दाखवायला हवा. परत तयार करता येईल? मी म्हटलं, एक अक्षत लागेल. 'तो बाने बोलाव,' म्हणाले, मग आईला बोलाव.

जागेचं अजून काही नाही.

१७ ऑक्टोबर, वाघबारस (आपली वसुबारस)

आई आली. हिरवी साडी. घरून पुडीत अक्षता घेऊन, जणू लॅबमध्ये तांदूळ मिळत नाहीत (मिळत नाहीत, खरंच). पहिल्या वर्षाची मुलं पडद्याच्या आत दाटीवाटीने उभी होती. नि.ने झाकण उघडलं. आईने एक अक्षत उचलली, उजेडाकडे धरून बघितली, ठेवली, दुसरी उचलली. 'ही तुटकी आहे, ही बरी.' नाकावर मध्यावर हळदीने चिकटवली. 'इथेच ना? कपाळावर?'

इथेच.

तेलाच्या रांगा लावल्या, पंखा लावला. मुलांनी 'ओ' केलं. मधे त्रिकोण उघडत गेला, कडेचे पट्टे तसेच शांत. आईने मुलांसारखं 'ओ' केलं नाही. कमरेवर हात ठेवून बघत राहिली, चोळीची फिटिंग बघते तशी. मग हळूच मला: 'बाजूला किती सरळ चाललंय बघ. आणि एवढ्यासाठी मधे केवढा दंगा.'

मुलं गेली. तिनेच ओल्या फडक्याने कड पुसली, मी काच धरून झाकली. पडदा उघडून तिने स्वतः उजेडात बघितलं, बोट फिरवलं, 'निघाली.'

मग हर्षदभाईंची फिल्म बसवली. ते आज स्वतः आले नाहीत, सकाळपासून दोनदा फोन. काय आलं, बेन? अजून काही नाही आलं, हर्षदभाई. पुढचा भाग साध्या प्लेटचा, मागचा फिल्मचा, दोन्हींवर एकेक थेंब.

आईला जायला सांगितलं, कंटाळशील, वेळ लागतो. ती स्टूल ओढून बसली.

'यात कमी यायला हवं की जास्त?'

हर्षदभाईंना कमी यायला हवंय.

'आणि सरांना?'

सर ते सांगत नाहीत.

'आणि तुला?'

मी थेंबाकडे बघत होते. अजून गोल होता, न हललेला. मागून नि. म्हणाली, 'चालू करुं?' मी मान हलवली, आणि पंख्याचा आवाज एवढा वाढला की आईला उत्तर द्यायचं राहिलं. तीही मग पुढे वाकून दोन थेंबांकडे बघायला लागली.